सिंधुची पगारी रजा

वर्षाराणीच्या पोटात दुखायचं. रक्त-लघवी तपासून सापडावं असलं ते दुखणं नव्हतं, नाहीतर तपासायची सोय हाताशीच होती. नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या एका लॅबमध्ये ती पंधरा वर्षं लोकांचं रक्त काढत आली होती. दुखण्याचं नाव होतं सिंधु.

सिंधु लोह्याकडची पोरगी. लग्नाला तीन वर्षं झालेली, लॅबमध्ये येऊन दोन. तिला सुई धरायला शिकवली ती वर्षाराणीनं. म्हाताऱ्या माणसाची शीर कशी सरकते, लेकराला बोलण्यात कसं गुंतवायचं, सगळं हातचं राखून न ठेवता शिकवलं. आणि झालं काय? पेशंट आत आले की मान लांब करून विचारायचे, “त्या दुसऱ्या मॅडम न्हाईत का? हलक्या हाताच्या?” म्हणजे शिकवणारीचा हात जड आणि शिकणारीचा हलका! वर्षाराणीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. तोंडानं मात्र म्हणायची, “हायत की काका, बसा ना.”

हे एकवेळ तिनं सोसलं असतं. सोसवत नव्हता तो सिंधुचा नवरा.

सोमेश रोज सकाळी बुलेटवरून बायकोला लॅबच्या दारात सोडायचा. सोडून जायचा म्हणता? छे! ती आत जाऊन एप्रन घालेपर्यंत काचेतून बघत उभा राहायचा. दुपारच्या आधी फोन, दुपारी फोन, दुपारनंतर फोन. डबा खाताना तर व्हिडिओवरच. “दाखव, काय खाऊन राहिलीस? शेजारी कोण हाय? वर्षाताई हायत? नमस्कार ताई!” संध्याकाळी लॅब सुटायच्या आधीच हा दारात हजर आणि हँडलला गजऱ्याची पुडी अडकवलेली. लॅबमधल्या साऱ्या बाया त्याला दाजी म्हणायच्या. गोरा, उंच, बोलायला गोड. बघावं आणि आपलं नशीब आठवून गप्प बसावं असा.

वर्षाराणीचं नशीब ऑटो चालवायचं. अख्ख्या नांदेडला स्टेशनापासून गुरुद्वाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्या ज्ञानोबानं स्वतःच्या बायकोला एकदा म्हणून लॅबच्या दारात सोडलं नव्हतं. “सकाळचा टाईम धंद्याचा असतो,” म्हणायचा. ती बिचारी दुसऱ्याच्या ऑटोत, चार माणसांत चेंगरून, भाडं देऊन यायची. फोन केला तर “हां, बोल,” आणि बोलून झालं की “बरं.” एवढाच काय तो संसार. एकदा तिनं मुद्दाम सांगितलं, की बघा, सिंधुचा नवरा तिला दिवसभर फोन करतो. ज्ञानोबा भाकर मोडत म्हणाला, “त्याला कामधंदा न्हाई का काही?” घ्या! ह्या माणसापुढं काय डोकं फोडावं?

फोन वाजला की सिंधु तोंडातला घास तसाच ठेवून धावायची. वर्षाराणीला वाटायचं, किती लाडाची धाव आहे बघा! मे महिन्यात, नांदेडचा रस्ता तव्यासारखा तापलेला असताना, सिंधु मनगटापर्यंत बाह्या असलेला कुडता घालून यायची. वर्षाराणी म्हणायची, “काय बाई फॅशन एकेकीची!” सिंधु हसायची आणि बाही आणखी खाली ओढायची. दिसत सगळं होतं, पण जळणाऱ्या डोळ्यांना ते भलतंच दिसत होतं.

त्याच उन्हाळ्यात लातूरहून डॉक्टर विशाखा आल्या. लॅब त्यांचीच. मोठी लॅब लातूरला, नांदेडची ही शाखा. त्यांनी सगळ्यांना बसवून चहा पाजला आणि सांगितलं, की ह्या वर्षापासून एक नवी रजा सुरू करतोय. घरात ज्याला मारहाण होते, छळ होतो, त्या कर्मचाऱ्याला वर्षाला दहा दिवस भरपगारी रजा. पोलीस ठाण्यात जायला, वकिलाकडं जायला, दवाखान्यात, नाहीतर राहायला दुसरी जागा शोधायला. “मला एक फोन करायचा. पुरावा मागणार नाही. कुणाला सांगणार नाही,” त्या म्हणाल्या.

मग वर्षाराणीच म्हणाली, “अगं माय! मार खायचा पगार! आमच्या आईला ही रजा मिळती तर ती जन्मात कामाला गेली नसती!” सगळे हसले. डॉक्टर विशाखा हसल्या नाहीत. सिंधुही हसली नाही, पण तिच्याकडं तेव्हा कुणी बघितलं नाही. शाखाप्रमुख आनंदराज सर तेवढे खाली बघून पेनाचं टोपण काढत-घालत बसले होते.

श्रावण लागला. पंचमी तोंडावर आली. ह्या दिवसांत बाईमाणसाचं अर्धं मन माहेरी असतं. भाऊ न्यायला येणार, झोका बांधणार, मेंदी काढणार. वर्षाराणीचा भाऊ पुण्याला गेला तो गेला, त्यामुळं तिची पंचमी लॅबमध्येच. आणि नेमकी पंचमीच्या आधी सिंधु यायची बंद झाली.

आनंदराज सरांनी सकाळीच सगळ्यांना बोलावलं. “सिंधु रजेवर आहे. कसली रजा, किती दिवस, हे विचारायचं नाही. आणि बाहेरच्या कुणीही विचारलं तरी आपल्याला माहीत नाही म्हणायचं. घरचं माणूस आलं तरी हेच. कळलं?”

घरचं माणूस आलं तरी! वर्षाराणी काही दूधखुळी नव्हती. तिनं दोन आणि दोन चार केले. मार खाणाऱ्यांची ती रजा सिंधुनं घेतली! सिंधुनं! जिला गजऱ्याशिवाय संध्याकाळ होत नाही तिनं! वर्षाराणीला आधी हसूच आलं. मग आला तो राग असा काही, की त्या दिवशी तिच्याकडून दोन पेशंटची शीर चुकली. काय सोंग घेतलं पोरीनं! नवऱ्यावर आळ घालायचा, डॉक्टरबाईपुढं डोळ्यांत पाणी आणायचं आणि पगार चालू ठेवून पंचमीला माहेरी झोके घ्यायचे. आणि तिच्या वाटणीचे पेशंट कुणी उरकायचे? तर वर्षाराणीनं. पंधरा वर्षांत ताप अंगावर काढून आली ती, सासू वारली तेव्हा तिसऱ्या दिवशी कामावर आली ती. तिला कुणी म्हटलं, बाई, जा, बस घरी दहा दिवस?

त्या जळफळाटावर तेल ओतलं हरिओमनं. हरिओम लॅबचा ड्रायव्हर. मोठ्या तपासण्यांचे नमुने रोज नांदेडहून लातूरला न्यायचा आणि रिकामे डबे घेऊन परत यायचा. माणूस मनाचा चांगला, पण तोंडात तीळ भिजायचा नाही. डबे उतरवता उतरवता म्हणाला, “वर्षाताई, तुमची सिंधु तर लातूरला हाय की. मोठ्या लॅबच्या वरच्या मजल्यावर, स्टाफच्या खोलीत. गच्चीवर कपडे वाळू घालून राहिली होती. मी हाक मारली तर पटकन आत पळाली.”

म्हणजे माहेरीही नाही. थेट मालकिणीच्या डोक्यावर! वर्षाराणीला सगळं लख्ख दिसलं. लातूरला नवा विभाग निघणार होता, तिथं एक मुख्य नेमायची होती. पंधरा वर्षांत कुणाचा हक्क होता त्या जागेवर? आणि कोण वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालून बसली होती? घरी गेल्यावर तिनं ज्ञानोबाला वाढलं आणि स्वतः जेवलीच नाही. ज्ञानोबानं विचारलं, “बरं न्हाई का?” ती म्हणाली, “मला कुणी मारत न्हाई ना, मग मी बरीच असणार!” ज्ञानोबा घास हातात धरून तिच्याकडं बघत राहिला. त्याला काय कळणार, कपाळ?

दुसऱ्या दिवशी दुपारी सोमेश आला.

लॅबमध्ये गर्दी नव्हती. आनंदराज सर एका दवाखान्यात गेले होते. सोमेशच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी. दाढी वाढलेली, डोळे लाल. नेहमीचा ऐटबाज माणूस असा पार उतरलेला बघून वर्षाराणीनं खुर्ची पुढं सरकवली.

“ताई, जरा शुगर बघता का माझी?” तो खुर्चीत बसला. “चार दिवस झाले, पोटात अन्न न्हाई. डोकं ठिकाणावर न्हाई.”

“काय झालं हो दाजी?”

“सिंधु रुसून गेली, ताई. एवढंसं कारण. लोह्याला विचारलं, तिथं न्हाई. फोन बंद.” त्यानं पिशवी उचलून दाखवली. “तिच्या आईनं पंचमीची साडी धाडलीय तिला. सणाला लेकीच्या अंगावर नवं लुगडं नसलं तर मायला काय वाटंल, सांगा तुम्ही. मला भेटायचंबी न्हाई. नुसती साडी द्यायची, न् यायचं.”

“मला काय माहीत हो,” वर्षाराणी म्हणाली. सांगितलं होतं तसंच म्हणाली, खोटं कशाला बोला. पण तोंड म्हणत होतं एक आणि मन दुसरीकडंच निघालं होतं.

सोमेशनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलायला लागले. एवढा मोठा पुरुष, दिवसाढवळ्या, बायकोसाठी रडत होता! वर्षाराणी बघत राहिली. आपण असं निघून गेलो तर ज्ञानोबा रडेल? “बरं” म्हणेल आणि ऑटोला किक मारेल. आणि हिला असा नवरा मिळाला, तर ही त्याला मारकुटा ठरवून लातूरच्या गच्चीवर मजेत. तिच्या छातीत असं काही भडकलं, की त्या क्षणी सिंधु समोर असती तर हिनंच तिच्या एक ठेवून दिली असती.

वर समजूतही आयती तयार होती. रुसलेली बाई परत नांदायला धाडणं ह्यात पाप कसलं? गावाकडं चार शहाणी माणसं आणखी काय करतात? नवरा-बायकोला समोरासमोर बसवतात, समजूत घालतात, हात जोडून दोघांना घराकडं लावतात. आपण तेच करतोय. तिनं त्याच्या दंडाला बांधायचा पट्टा हातात घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाली, “रडू नका. लातूरला हाय ती. आमच्या मोठ्या लॅबच्या वरच्या मजल्यावर, स्टाफच्या खोलीत. पण मी सांगितलं म्हणू नका.”

म्हटलं, आणि तिला बरं वाटलं. अगदी गार वाटलं. आता बघू कशी बसते लातूरला!

सोमेशनं तोंडावरचे हात काढले. डोळे कोरडे होते. “बाही वर घ्या,” ती सवयीनं म्हणाली, आणि पट्टा बांधायला म्हणून तिनंच त्याची बाही सरकवली.

कोपराच्या खाली, हाताच्या आतल्या अंगाला, खपलीचे दोन अर्धगोल होते. एकमेकांकडं तोंड केलेले.

“हे काय?”

“कुत्रं चावलं.”

कुत्रं चावलेले पेशंट वर्षाराणीनं कमी बघितले नव्हते. हे दात माणसाचे होते. लहान जबड्याचे. आणि हाताच्या त्या जागी कुणी येऊन चावत नाही. तो हात तोंडावर दाबून धरलेला असला, श्वास कोंडला असला, तरच तिथं दात पोचतात. तिचा हात पट्ट्यासकट तसाच राहिला. सिंधुच्या मनगटापर्यंतच्या बाह्या, वाजणारा फोन, तोंडात अडकलेला घास, काचेतून बघत उभा राहिलेला हा माणूस, सगळं एकदम तिच्या अंगावर आलं.

“राहू द्या शुगर,” सोमेश उठला. बाही खाली ओढली. “तुमच्यासारखी बाई पायजे घरात. नवऱ्याचं मन जाणणारी.”

तो दारापर्यंत गेला तशी तिला पिशवी दिसली. “दाजी, साडी राहिली!” त्यानं वळूनही बघितलं नाही. बुलेटचा आवाज गल्लीच्या तोंडाला जाऊन विरला. वर्षाराणीनं पिशवीत हात घातला. आत जुने पेपर दुमडून भरले होते.

तिची पाचावर धारण बसली. लातूरचा नंबर लावला, तो लागेना. हरिओमला लावला, तो गाडीत, रस्त्यात, उचलेना. सिंधुचा तर बंदच. आनंदराज सरांना सांगायचं? सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की मी सांगितलं? नोकरी जाईल. पंधरा वर्षांचं नाव जाईल. कुणी तरी दुसऱ्यानं सांगितलं असं म्हटलं तर? हरिओमचं नाव घेतलं तर? हो, खरंच, एवढ्या भीतीतसुद्धा तिच्या मनात हे आलं. बुलेट तोवर लोह्यावरून लातूरला जाणाऱ्या रस्त्याला लागली असणार.

तिनं ज्ञानोबाला फोन लावला.

“हां, बोल.”

ती रडत, अडखळत सगळं बोलली. पलीकडं ऑटोचं इंजिन बंद झालं.

“सायबाला सांग,” ज्ञानोबा म्हणाला.

“नोकरी जाईल हो माझी.”

“जाऊ दे. आत्ता सांग. आधी फोन ठेव.”

तिनं आनंदराज सरांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. “कधी निघाला?” एवढंच विचारलं आणि फोन तोडला. त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती दुपार, ती संध्याकाळ तिनं कशी काढली ते तिचं तिला ठाऊक. जीव टांगणीला लागला होता. दर वेळी फोन वाजला की ती धावायची आणि उचलायला घाबरायची. शेवटी आनंदराज सर आले. डॉक्टर विशाखांचा फोन सरांनाही फार उशिरा लागला होता. लागताच मॅडमनी सिंधुला मागच्या दारानं स्वतःच्या गाडीत घालून दुसरीकडं हलवलं होतं. थोड्याच वेळात सोमेश पोचला. वरच्या खोलीचं दार त्यानं लाथा घालून मोडलं, रिकामी खोली बघून खाली आला आणि काउंटरची काच फोडली. पोलीस आले, घेऊन गेले.

“आणखी थोडा उशीर झाला असता तर?” सर म्हणाले. “तुमच्याविषयी मॅडम नंतर बोलणार आहेत.” आणि ते आत निघून गेले.

वर्षाराणी कामावर येत राहिली, कारण कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. पेशंट विचारायचे, “त्या मॅडम न्हाईत का?” ती म्हणायची, “न्हाईत.” पंचमी होऊन गेली. एका दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला.

“ताई, मी सिंधु बोलते.”

वर्षाराणी फोन घेऊन कोपऱ्यात गेली. भिंतीला टेकून ती उभी राहिली. “बरी हायस ना गं?”

“हाव. तुम्ही सरांना वेळेवर कळवलं म्हणून वाचले, मॅडम म्हणाल्या.”

इथं गप्प बसता आलं असतं. मूग गिळून उपकाराचं माप पदरात घेता आलं असतं. पण वर्षाराणी म्हणाली, “मीच सांगितलं होतं गं त्याला. मीच. मी लई जळत होते तुझ्यावर. तुझ्या हातावर, तुझ्या नवऱ्यावर, तुझ्या त्या रजेवरसुद्धा.”

“ठाऊक हाय मला. तो खाली तुमचं नाव घेऊन ओरडत होता म्हणं.” सिंधु पुढं म्हणाली, “आणि जळता तेबी ठाऊक होतं. खरं सांगू? मला बरं वाटायचं. वर्षाताई आपल्यावर जळतात म्हणजे आपलं बरंच चाललं असंल, असं वाटायचं. तेवढ्यावर दिवस निघायचा माझा.”

वर्षाराणीला हुंदका आवरेना. सिंधु मग शांतपणे बोलली. लातूरला मॅडम तिला कायमची ठेवून घेणार होत्या. शेजारच्या गल्लीत खोलीही बघून ठेवली होती, आगाऊ भाडंही दिलं होतं. आता ते सगळं गेलं. जागा त्याला कळली, आणि पोलीस काय त्याला जन्मभर धरून ठेवणार नव्हते. राहिलेल्या रजेत पुन्हा पहिल्यापासून सगळं शोधायचं होतं, नवं गाव, नवं काम.

“मग आता कुठं जाशील गं?” वर्षाराणीनं विचारलं. अगदी पोटतिडकीनं विचारलं, आईनं लेकीला विचारावं तसं.



“तुम्हाला न्हाई सांगत, ताई,” सिंधु म्हणाली. आवाजात राग नव्हता. “ठेवते आता.”